दाहक सोडा : कारखान्यातला आणि शरीरातला

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे अभ्यासलेख मागितला, त्या वेळी मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी हे तिन्ही विषय तरुण सहकाऱ्यांनी आधीच घेऊन टाकले होते. वडोदऱ्यात पंचेचाळीस वर्षे सामान्य व्यवसाय केलेल्या डॉक्टरने नवे काय सांगावे, असा विचार करीत असताना मला एक रसायन आठवले. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनी ते हाताळले आहे, साबणाच्या वडीमागे ते आहे, तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या पुडीत ते आहे. आणि माझ्या व्यवसायातील एका मोठ्या चुकीशीही ते कायमचे जोडले गेले आहे. सोडियम हायड्रॉक्साइड हे त्याचे शास्त्रीय नाव. बाजारात त्याला कॉस्टिक सोडा म्हणतात, जुन्या मराठी पुस्तकांत दाहक सोडा.

चूक आधी सांगतो, म्हणजे पुढील रसायनशास्त्र वाचकांना कोरडे वाटणार नाही.

१९८४ च्या पावसाळ्यातील गोष्ट. दांडिया बाजारातील माझ्या दवाखान्यात मागच्या वाड्यातील साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई व आजी धावत आल्या. कपड्यांचा साबण घरी करण्याची पद्धत त्या काळी अनेक घरांत होती. तळणाचे उरलेले तेल साठवायचे, दुकानातून कागदात बांधून आणलेला कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, आणि ते पाणी निवले की तेलात घालून घोटत बसायचे. त्या दिवशी ते पाणी निवण्यासाठी ओट्यावर स्टीलच्या पेल्यात ठेवले होते. पेला रोजचा पाणी पिण्याचा, आतील द्रवही दिसायला पाणीच. मुलाने एक घोट घेतला आणि पेला फेकून दिला. आजींनी तत्काळ लिंबाचे पाणी पाजले, घशात बोट घालून ओकारी काढली आणि मुलाला माझ्याकडे आणले.

मी बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिले. खालच्या ओठावर किंचित लाली होती. जीभ, टाळू, घसा स्वच्छ. मूल रडायचेही थांबले होते. "आजी, घोट आत गेलेलाच दिसत नाही, थुंकून टाकला असणार," असे मी आत्मविश्वासाने सांगितले, थंड दूध देण्याची सूचना केली आणि घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी ताप आला व लाळ गळू लागली. चौथ्या आठवड्यात मुलाला पेजेखेरीज काही गिळता येईना. बेरियमच्या चित्रात अन्ननलिकेचा मधला भाग सुतळीसारखा दिसत होता.

आता रसायनाकडे वळू.

गुणधर्म

शुद्ध कॉस्टिक सोडा पांढरा, घन, वासरहित असतो. बाजारात तो पापुद्र्यांच्या वा गोळ्यांच्या रूपात मिळतो. त्याचा रेणुभार ४०, वितळणबिंदू सुमारे ३२० अंश सेल्सियस. उघडा ठेवला की हवेतील बाष्प ओढून घेऊन तो चिघळतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, बनत जातो. म्हणून त्याचे तोललेले द्रावण फार दिवस विश्वासार्ह राहत नाही. काचेलाही तो सोडत नाही. काचेतील सिलिकाशी संयोग होऊन बाटलीचे काचेचे बूच घट्ट बसते, यास्तव प्रयोगशाळेत रबरी बूच वापरतात.

पाण्यात तो अतिशय विरघळतो. खोलीच्या तपमानाला १०० ग्रॅम पाण्यात १०० ग्रॅमहून अधिक सहज मावतो. विरघळताना इतकी उष्णता बाहेर पडते की भांडे हातात धरवत नाही. म्हणून सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. एक लिटर द्रावणात अवघे ४ ग्रॅम असले तरी त्याचा पीएच १३ येतो. साबणासाठी केलेले पाणी याच्या कितीतरी पट तीव्र असते.

धातूंपैकी लोखंडाला थंड द्रावण फारसे काही करीत नाही. ॲल्युमिनियम व जस्त मात्र त्यात विरघळतात आणि हायड्रोजन वायू सुटतो. आमच्या मातोश्रींनी एकदा साबणाचे पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केले होते. पातेले फसफसले, काळे पडले आणि शेवटी तळाला भोक पडले. मोरी साफ करण्याच्या काही पुड्यांत ॲल्युमिनियमचे तुकडे मुद्दाम घातलेले असतात ते याच फसफसण्यासाठी.

प्राचीन कृती आणि भूलतज्ज्ञांचा डबा

कॉस्टिक सोडा करण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात विरलेला चुना घालणे. कॅल्शियम कार्बोनेटचा साका तळाशी बसतो, वर कॉस्टिक सोड्याचे द्रावण उरते. सौम्य अल्काचे तीव्र अल्क होते ते केवळ चुन्यामुळे.

हे तत्त्व आपल्याकडे फार पूर्वी माहीत होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकाचा स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवायची आणि त्यात भाजलेल्या शंख-शिंपल्यांचा चुना मिळवायचा, अशी ती कृती आहे. चुना न घातलेला तो मृदू क्षार, घातलेला तो त्याहून प्रखर. आणि तयार क्षार लोखंडी पात्रात साठवावा असाही निर्देश आहे. राखेत पोटॅशियमचे प्रमाण अधिक, म्हणून तेथे तयार होई तो मुख्यतः पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पण अभिक्रिया तीच. आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या कृतीतील अचूकतेकडे लक्ष वेधले आहे. लोखंडी पात्राचे कारण वर आलेच आहे.

आता गंमत पाहा. हीच अभिक्रिया आपल्या शस्त्रक्रियागृहात रोज घडते. भूलयंत्राच्या डब्यातील सोडालाइममध्ये मुख्यतः विरलेला चुना, थोडे पाणी आणि अल्प प्रमाणात कॉस्टिक सोडा असतो. रुग्णाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आधी कॉस्टिक सोड्याशी संयोग पावून त्याचा धुण्याचा सोडा करतो. मग तो धुण्याचा सोडा चुन्याशी संयोग पावून पुन्हा कॉस्टिक सोडा होतो, आणि वायू अखेर चुनखडीच्या रूपाने बंदिस्त होतो. सुश्रुतांची क्षारपाकाची कृती भूलयंत्रात अखंड चालू असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र या तीव्र अल्काची दुसरी बाजूही आमच्या पिढीतील भूलतज्ज्ञांना ठाऊक आहे. ट्रायलीन सोडालाइमवरून फिरवले की विषारी पदार्थ तयार होऊन चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूला इजा होई. आजच्या काळात कोरड्या पडलेल्या सोडालाइमवरून डेसफ्ल्युरेन गेले तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तीव्र अल्क अजिबात नसलेली शोषके आता वापरात आली आहेत, ती यासाठीच.

विजेची कृती आणि गुंडीएवढी बॅटरी

आज जगातील बहुतेक सर्व कॉस्टिक सोडा मिठापासून विजेच्या साहाय्याने होतो. आपल्या शहराच्या उत्तरेला रणोलीस १९७० च्या दशकात उभा राहिलेला अल्कलीचा कारखाना अनेकांनी पाहिला असेल. आमच्या मंडळातील काही कुटुंबांचे कर्ते पुरुष तेथे नोकरीस होते. मिठाच्या संपृक्त द्रावणातून वीज सोडली की धनाग्रापाशी क्लोरीन सुटतो. ऋणाग्रापाशी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो आणि तेथेच सोडियम हायड्रॉक्साइड साठत जाते. दर टन क्लोरीनमागे सुमारे १.१ टन कॉस्टिक सोडा मिळतो. दोन्ही पदार्थ परस्परांत मिसळले तर हायपोक्लोराइट, म्हणजे विरंजक द्रावण, होते. (पहिल्या महायुद्धात डेकिन यांनी जखमा धुण्यासाठी वापरलेले द्रव्य या हायपोक्लोराइटचेच सौम्य रूप होय.) म्हणून दोहोंना वेगळे ठेवणे हीच या उद्योगातील खरी विद्या. १८९२ मध्ये कास्टनर व केलनर या दोघांनी स्वतंत्रपणे पाऱ्याचा ऋणाग्र वापरून ही अडचण सोडवली. पाऱ्याचे दुष्परिणाम पुढे मोजावे लागले. कॅनडातील ड्रायडेन येथील अशाच कारखान्याच्या पाऱ्याने १९६० च्या दशकात नदी व तीवर जगणारे आदिवासी यांची अपरिमित हानी झाली. जपानमध्ये १९७० च्या दशकात पटलाची पद्धत रूढ होऊ लागली आणि मिनामाता करारानुसार या उद्योगातील पारा २०२५ पर्यंत संपविण्याचे ठरले.

हे सर्व कारखान्याचे झाले. पण तीच कृती लहान मुलाच्या अन्ननलिकेत घडते, याची जाणीव किती पालकांना आहे? खेळणी, दूरनियंत्रक, वजनकाटा यांत असणारी २० मिलिमीटर व्यासाची लिथियमची चपटी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, की दोन्ही बाजूंची ओलसर त्वचा विद्युत्मंडल पूर्ण करते. ऊतींतील द्रव हे खारे पाणीच. ऋण टोकापाशी हायड्रॉक्साइड तयार होऊ लागते. बॅटरी फुटून आतील द्रव्य गळते म्हणून इजा होते, असा समज डॉक्टरांतही आढळतो. वस्तुतः बॅटरी अखंड असली तरी दाहक अल्क तेथल्या तेथे निर्माण होत असते. दोन तासांत गंभीर भाजणे होऊ शकते. उपकरण चालेनासे झाले म्हणून काढून टाकलेल्या बॅटरीतही एवढे करण्याइतकी शक्ती उरलेली असते. क्ष-किरण चित्रात ती नाण्यासारखी दिसते. कडेला दुहेरी वर्तुळ दिसले तर नाणे समजून सकाळपर्यंत थांबू नये. एक वर्षावरील मुलास, गिळून बारा तास झाले नसतील तर, रुग्णालयात नेताना वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, अशी शिफारस आता आहे. जास्तीत जास्त सहा वेळा, आणि मधासाठी निघण्यास उशीर न करता.

साबण

आता त्या अभिक्रियेकडे येतो जिच्यामुळे मी हा लेख लिहीत आहे. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर घोटली की मेदाम्लांचे सोडियम क्षार, म्हणजे साबण, आणि ग्लिसरीन तयार होते. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला त्याहून कमी. ही झाली साबणीकरणाची अभिक्रिया. कॉस्टिक सोड्याचे द्रावण बोटांना बुळबुळीत लागते असे आपण शाळेत पाठ केले. ते बुळबुळीत का लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. आपल्याच कातडीतील मेदाचा साबण होत असतो.

आम्लाने भाजले तर प्रथिने गोठतात, त्यांची खपली धरते आणि ती खपली पुढच्या आम्लाला काही अंशी अडवते. अल्काचे तसे नाही. मेदाचा साबण होतो, प्रथिने विरघळतात, पेशींची भित्तिका उरत नाही आणि द्रावण खाली खाली उतरत राहते. अन्ननलिकेच्या भित्तीचे सर्व थर ओलांडण्यास तीव्र द्रावणाला काही सेकंद पुरतात. त्वचेवर वेदना उशिराने जाणवते, म्हणून मनुष्य गाफील राहतो. डोळ्यात तर ते पारदर्शक पटल ओलांडून काही मिनिटांत आतल्या द्रवात पोहोचते. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी मुलांच्या हातात फुटून डोळ्यात गेल्याची प्रकरणे नेत्रतज्ज्ञ नेहमी पाहतात. तेथे अल्क दुसरा, पण वर्तन हेच, आणि शिवाय चुन्याचे कण पापणीच्या आत दडून बसतात.

आता माझी चूक कोठे झाली ते स्पष्ट होईल. पापुद्रे वा गोळ्या तोंडात चिकटतात, तेथेच भाजतात, मूल थुंकून टाकते. द्रावणाचा घोट मात्र तोंडात थांबत नाही, सरळ अन्ननलिकेत जातो. तोंड स्वच्छ असणे हा अन्ननलिका स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे. हे वाक्य तेव्हाही पुस्तकांत होते. मी ते वाचलेले होते. त्या संध्याकाळी दवाखान्यात ते आठवले नाही.

आजींनी केलेले उपचार चुकीचे होते, पण त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. अल्कावर आम्ल हा विचार शाळेतील उदासिनीकरणाच्या धड्यातूनच आलेला आहे, आणि सुश्रुतांनीही क्षाराने अति भाजल्यास आंबट पदार्थाचा लेप सांगितला आहे. पण तो त्वचेवर, वैद्याच्या नजरेखाली. पोटात गेलेल्या कॉस्टिकवर लिंबू वा व्हिनेगर पाजले तर उदासिनीकरणाची उष्णता वाढते आणि ओकारी होण्याची शक्यताही. ओकारी झाली की तेच द्रावण भाजलेल्या अन्ननलिकेतून दुसऱ्यांदा जाते, श्वासनलिकेतही उतरू शकते. (बॅटरी दुर्बिणीने काढून घेतल्यानंतर शल्यविशारद ती जागा अतिशय सौम्य ॲसेटिक आम्लाने धुतात, त्या वेळी जागा डोळ्यांसमोर असते व द्रावण मोजलेले असते. घरगुती लिंबूपाण्याला तो दाखला देऊ नये.)

घरी करावयाचे एवढेच : चूळ भरून थुंकायला लावावे, ओठ व चेहरा पाण्याने धुवावा, ओकारी काढू नये, पेलेच्या पेले दूध-पाणी पाजू नये, बाटली वा पुडी बरोबर घ्यावी आणि रुग्णालय गाठावे. त्वचेवर कोरडा सोडा पडला असल्यास आधी झटकावा, मग वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावे. डोळा तेथल्या तेथे नळाखाली किमान अर्धा तास धुवावा; रुग्णालयात पोहोचण्याची वाट पाहू नये. आमच्या व्यवसायबंधूंसाठी : नळी आंधळेपणाने घालू नये, कोळशाची भुकटी देऊ नये, लिटमस कागदाने डोळ्यातील पीएच पाहावा. अन्ननलिकेची दुर्बीण-तपासणी पहिल्या २४ तासांत, फार तर ४८ तासांत करावी. पाचव्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत मृत थर गळून भित्ती सर्वांत पातळ झालेली असते, तेव्हा दुर्बीण टाळतात. तिसऱ्या आठवड्यापासून व्रण आकसू लागतो. इजेची जी प्रतवारी आज जगभर वापरतात ती चंदीगडच्या पदव्युत्तर संस्थेतील डॉ. झरगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, याचा अभिमान वाटतो. स्टिरॉइडने आकसणे टळत नाही असे १९९० च्या मुलांवरील नियंत्रित चाचणीत दिसले. २०१४ च्या तुर्कस्तानातील अभ्यासाने ठरावीक प्रतीच्या इजेत मोठ्या मात्रेचा थोडा लाभ दाखवला, त्यामुळे तो वाद पूर्ण मिटलेला नाही.

प्रतिबंधाच्या बाबतीत एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. अमेरिकेतील श्वासनलिका-अन्ननलिकेच्या दुर्बिणीचे आद्य प्रवर्तक शेव्हालिए जॅक्सन यांनी कॉस्टिक प्यालेली असंख्य मुले तपासली. तेथेही घरोघरी साबणासाठी हा सोडा असे आणि डब्यावर धोक्याची सूचना नसे. मुलांच्या अन्ननलिका रुंद करीत आयुष्य काढण्यापेक्षा डब्यावर चिठ्ठी लावणे सोपे, हे ओळखून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९२७ मध्ये तेथील संसदेने दाहक विषांवर ठळक सूचना बंधनकारक करणारा कायदा केला. एका डॉक्टरच्या हट्टामुळे हे झाले. आपल्याकडे अजूनही कॉस्टिक सोडा वा मोरी साफ करण्याचे द्रावण शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले मी पाहतो. आपल्या मंडळाच्या आरोग्य शिबिरांत रक्तातील साखर मोजतो, तेथेच दोन मिनिटे हे सांगण्यास काही खर्च येणार नाही.

त्या मुलाची अन्ननलिका पुढे आठ-नऊ वर्षे वारंवार रुंद करावी लागली; आरंभी दर पंधरवड्यास, मग महिन्याने, मग वर्षातून एकदा. आजींनी मला कधीही एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांनी मलाच बोलावून घेतले. मुलगा शिकला, अभियंता झाला. आज त्याचे वय पंचेचाळिशीच्या घरात आहे. कॉस्टिकने भाजलेल्या अन्ननलिकेत काही दशकांनी कर्करोग होण्याचा धोका सामान्य माणसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून इजेनंतर दहा ते वीस वर्षांनी दुर्बिणीने पाहणी सुरू करावी व ती दर दोन-तीन वर्षांनी करीत राहावे, असे मार्गदर्शन आहे. जुने रुग्ण बरे वाटू लागले की ही पाहणी सोडून देतात, आणि आम्ही डॉक्टरही त्यांना आठवण करीत नाही. मी त्याच्यासाठी एक स्वतंत्र वही ठेवली आहे.

गेल्या दिवाळीत तो सहकुटुंब फराळाला आला होता. चकली त्याने लहान लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्यामागे पाण्याचा घोट घेत, सावकाश संपवली. निघताना म्हणाला, "काका, यंदाची तपासणी झाली, काही नाही निघाले. पुढची दोन वर्षांनी." मी ती तारीख त्याच्यासमोरच वहीत लिहून घेतली.